कपाट भिजले तरी नोंद भिजू नये : आपल्या शाळा आणि क्लाउड कॉम्प्युटिंग

२२ जुलै २०२१ हा दिवस कोकणातली माणसे विसरणार नाहीत. वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणच्या घराघरांत पाणी शिरले. तिकडे सावित्रीने महाडला वेढा घातला. दुकाने गेली, धान्य गेले, गाड्या गेल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही काही शिक्षक मिळून पूरग्रस्त भागातल्या एका शाळेत साफसफाईला गेलो होतो. बाकडी धुऊन निघाली, भिंतींवरचा चिखल खरवडून काढता आला. पण ऑफिसातले लोखंडी कपाट उघडले तेव्हा सगळेच गप्प झाले. जनरल रजिस्टरांचा लगदा झाला होता. हाताने उचलायला गेले की पाने एकमेकांना चिकटून फाटत होती. कॉम्प्युटर टेबलाखाली होता, तोही बुडालेला. "पेनड्राइव्हवर कॉपी असेल ना?" कोणीतरी विचारले. होती. त्याच कपाटाच्या खालच्या खणात.

काही महिन्यांनी त्याच शाळेत एक पालक आले. मुलीला पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. आपल्या समाजातल्या मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा बिरादऱ्यांना महाराष्ट्रात ओबीसीच्या सवलती मिळतात. पण त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि बहुतेक घरांत असा पुरावा एकच असतो, तो म्हणजे दादाजानच्या शाळेतली नोंद. शेतजमीन नाही, खरेदीखत नाही, जन्माची नोंद ग्रामपंचायतीत केलेली नाही. पण दादाजान चौथीपर्यंत शाळेत गेले होते, आणि त्या वेळच्या हेडमास्तरांनी शाईच्या टाकाने त्यांचे नाव, जन्मतारीख आणि जात लिहून ठेवली होती. तीच एक ओळ त्या लगद्यात होती.

क्लाउड कॉम्प्युटिंग हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, हे मोठ्या कंपन्यांचे काम, इंग्रजी शाळांचे फॅड. आम्हालाही तसेच वाटत असे. त्या कपाटासमोर उभे राहिल्यावर कळले की हा प्रश्न आपलाच आहे, आणि सर्वांत जास्त आपलाच आहे. ज्याच्याकडे कागद कमी, त्याला प्रत्येक कागद जपावा लागतो. म्हणून हा लेख लिहितो आहोत.

क्लाउड म्हणजे नेमके काय?

नाव ढगाचे असले तरी आकाशाशी याचा काही संबंध नाही. पूर्वी गावातली पिठाची गिरणी स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालायची. इंजिन बिघडले की गिरणी बंद, मेकॅनिक येईपर्यंत लोक दळण घेऊन परत. आज गिरणीवाला तारेतून येणारी वीज घेतो. वीज कुठे तयार होते याच्याशी त्याला देणेघेणे नाही, वापरली तेवढ्याचे बिल भरतो. क्लाउडचेही तसेच. आपली फाईल आपल्याच कॉम्प्युटरच्या पोटात न ठेवता दूरच्या एका मोठ्या, सुरक्षित इमारतीतल्या कॉम्प्युटरांवर ठेवायची आणि इंटरनेटच्या तारेतून हवी तेव्हा, हव्या त्या फोनवर उघडायची. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. तिथे अखंड वीज असते, जनरेटर असतात, पहारा असतो, आणि फाईलच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. एक यंत्र बंद पडले तर दुसरे काम करते.

ही केंद्रे फार दूर आहेत असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. भारत सरकारच्या स्वतःच्या क्लाउड योजनेचे नाव तर किती छान आहे पाहा : मेघराज.

आणि आपण हे आधीपासून वापरतो आहोत. फोन हरवल्यावर नवीन फोनमध्ये जुने फोटो आणि नंबर आपोआप परत येतात, ते क्लाउडमुळेच. जीमेल, यूट्यूब, डिजिलॉकर हे सगळे क्लाउडच. फक्त शाळेच्या कामासाठी आपण त्याचा विचार केलेला नाही.

व्हॉट्सॲप म्हणजे क्लाउड वर्ग नव्हे

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही सर्वांनी व्हॉट्सॲपचे ग्रुप काढले. त्या काळात तो मोठा आधार होता, त्याचे उपकार आहेतच. पण आठवून पाहा काय व्हायचे. सकाळी गणिताचा गृहपाठ टाकला, दुपारपर्यंत त्यावर "जुम्मा मुबारक"चे चाळीस फोटो आले. मुलगी संध्याकाळी फोन हातात घेते तर गृहपाठ सापडत नाही. अब्बांच्या फोनची मेमरी भरली म्हणून त्यांनी सगळे डिलीट केले, त्यात मुलीची तीन महिन्यांची वही गेली.

व्हॉट्सॲप म्हणजे वाहता ओढा. आलेले पाणी पुढे जाते. वर्गाला ओढा नको, कपाट हवे. विषयाप्रमाणे कप्पे असलेले, गेल्या वर्षीचे पानही सापडेल असे. गुगल क्लासरूम हे असेच कपाट आहे. २०१४ मध्ये ते सुरू झाले. शिक्षक धडा टाकतात, तो त्या विषयाच्या कप्प्यात राहतो. विद्यार्थी वहीचा फोटो जोडतो, शिक्षक त्याच पानावर शेरा लिहितात. कोणी दिले, कोणी दिले नाही, हे यादीत दिसते. मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सोयही याच प्रकारची आहे.

चाचणीचा फायदा तर आम्ही स्वतः पाहिला. सातवीच्या वर्गाला अपूर्णांकांच्या भागाकारावर गुगल फॉर्ममध्ये दहा प्रश्न दिले. सर्वांकडे फोन नव्हते, म्हणून शाळेतल्या कॉम्प्युटरवर मुलांना तीन तुकड्यांत बसवले. मुलांनी उत्तरे दिली आणि तपासणी आपोआप झाली. पण खरी गोष्ट पुढे आहे. फॉर्म प्रत्येक प्रश्नाचा तक्ताही काढून देतो. चौथ्या प्रश्नात वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी एकच चुकीचे उत्तर निवडले होते. म्हणजे चूक मुलांची नव्हती, आमच्या शिकवण्याची होती. भाजकाऐवजी भाज्य उलटे करायचे असे त्यांनी समजून घेतले होते. वह्या तपासत बसलो असतो तर हे कळायला आठवडा गेला असता, कदाचित कळलेही नसते. आम्ही दुसऱ्याच दिवशी तो भाग पुन्हा शिकवला, चपातीचे तुकडे करून.

तेव्हा पहिला फायदा हा : मुलाची चूक वेळेवर दिसते. तपासणीचा वेळ वाचतो, तो शिकवायला मिळतो.

उर्दू माध्यमाच्या शाळांचा वेगळा प्रश्न

आता जे सांगतो आहोत ते मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांना कदाचित जाणवणार नाही. आपल्या उर्दू शाळांत आजही बहुतेक प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये तयार होतात. इनपेजने उर्दूची मोठी खिदमत केली आहे, नस्तालीक अक्षर कॉम्प्युटरवर आणले. पण इनपेजची जुनी फाईल फोनवर उघडत नाही, शोधता येत नाही, दुसऱ्याने थेट सुधारताही येत नाही. ती एका ऑपरेटरच्या एका कॉम्प्युटरमध्ये पडून राहते. तो माणूस दुकान बंद करून गावी गेला की दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्याच्याबरोबर जातात. मग पुन्हा सगळे टाईप करा, पुन्हा पैसे द्या.

गुगल डॉक्समध्ये आज युनिकोड उर्दू लिहिता येते, नस्तालीक फॉन्टही आहे, उजवीकडून डावीकडे ओळ जाते. टाईपिंग येत नसेल तर बोलून लिहिण्याची सोय आहे, उर्दूतही आणि मराठीतही. आमच्या एका ज्येष्ठ उस्तानी निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना हे शिकल्या. सुरुवातीला त्या हसायच्या, "मैं बोलूँ और यह लिखे?" आता धड्याचे प्रश्न बोलून तयार करतात आणि मग चुका दुरुस्त करतात. चुका होतात, हे खरे. शीन-काफ नीट बोलावे लागतात, आणि एवढ्या एका कारणाने त्यांचा वर्गही आता उच्चाराकडे जास्त लक्ष देतो.

याहून मोठा फायदा दहावीनंतर दिसतो. उर्दू माध्यमातला मुलगा दहावीपर्यंत मुसल्लस शिकतो. अकरावीत गेला की तोच ट्रँगल होतो, आणि बाजूला बसलेला मराठी माध्यमाचा मित्र त्याला त्रिकोण म्हणतो. जाविया म्हणजे कोन म्हणजे अँगल. जियाई तालीफ म्हणजे प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस. मुलाला विषय येत असतो, पण पहिल्या दोन महिन्यांत शब्दच कळत नाहीत. "मला सायन्स जमत नाही" म्हणून तो शाखा बदलतो. किती हुशार मुले आपण अशी गमावली असतील!

यावर उपाय साधा आहे. एक सामायिक तक्ता, तीन रकाने : उर्दू, मराठी, इंग्रजी. वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांनी आपापल्या विषयाचे शब्द त्यात भरायचे. गणितवाल्याने गणिताचे, सायन्सवाल्याने सायन्सचे. कोणालाही सगळे काम करायचे नाही. सर्वजण एकाच वेळी एकाच तक्त्यात, आपापल्या घरी बसून लिहू शकतात. कोणी काय बदलले याचा इतिहास राहतो, चूक झाली तर मागे जाता येते. मुलांना तो तक्ता फक्त वाचायला द्यायचा. पुढच्या वर्षी नवे शिक्षक त्यात भर घालतील. कागदावर हे काम करायला मंडळ नेमावे लागले असते, छपाईचे पैसे लागले असते. इथे फक्त नियत लागते.

पुस्तकांचेही तसेच. बालभारतीची पाठ्यपुस्तके उर्दूसह अनेक माध्यमांत ई-बालभारतीवर मोफत मिळतात. जूनमध्ये पुस्तके उशिरा आली म्हणून मुलाने थांबायची गरज नाही. दीक्षा हे शिक्षणाचे राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकातला चौकोनी क्यूआर कोड त्याच्याशीच जोडलेला आहे. उर्दू साहित्यासाठी रेख्ताच्या संकेतस्थळावर हजारो जुनी पुस्तके पानापानाने पाहता येतात. ज्या गावात उर्दू लायब्ररी नाही, त्या गावच्या मुलीसाठी ही छोटी गोष्ट नाही.

घरात फोन एकच, तोही अब्बांचा

"सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या घरात फोन एकच आहे. मुलीचे अब्बा कामावर घेऊन जातात." पालकसभेत एका अम्मीने हा प्रश्न केला होता, आणि तो अगदी बरोबर होता. घरात तीन मुले आणि एक फोन असेल तर आधी मोठ्या मुलाचा नंबर लागतो, मुलीचा शेवटी. हे आपण मान्य केले पाहिजे.

याचे उत्तर क्लाउडमध्ये अर्धे आहे, अर्धे आपल्याकडे. मुलीचे काम एका फोनला बांधलेले नसते. तिचे खाते तिचे असते. आज खालाच्या फोनवर, उद्या शाळेच्या कॉम्प्युटरवर, परवा मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत, तिने जिथे सोडले तिथूनच पुढे सुरू होते. तिचे पान तिची वाट पाहत असते. फक्त एक सवय लावायची : दुसऱ्याच्या फोनवर काम झाले की खात्यातून बाहेर पडायचे, म्हणजे लॉग आऊट करायचे. पासवर्ड तिथे जतन करायचा नाही.

नेट नेहमी नसते, हेही खरे. दीक्षावरचे धडे एकदा डाऊनलोड करून ठेवले की नेटशिवाय चालतात. गुगल डॉक्सलाही ऑफलाईन सोय आहे, नेट आले की लिहिलेले वर जाते. शाळेत किंवा मशिदीजवळच्या वाचनालयात एक वाय-फाय असेल तर आठवड्याचे धडे तिथे उतरवून घेता येतात.

आणि एक फायदा आपल्या कोकणासाठी खास आहे. कित्येक घरांतले अब्बा कुवेत, दुबई, दोहा इथे आहेत. वर्षातून एकदा येतात, मुलांची प्रगती फक्त फोनवर ऐकतात. शाळेचे अधिकृत गुगल खाते असेल तर पालकांच्या ईमेलवर मुलाच्या कामाचा सारांश नियमित जाऊ शकतो : कोणते काम दिले, कोणते राहिले. हजारो मैल दूर बसलेल्या बापाला मुलीचा निबंध वाचता येणे, त्यावर तिच्याशी दोन शब्द बोलता येणे, याची किंमत मोजता येत नाही.

कागदपत्रे : फायदा आणि गैरसमज

आता पुन्हा त्या कपाटाकडे येऊ. एका रजिस्टरात समजा दोनशे पाने आहेत. फोनमधल्या गुगल ड्राइव्हच्या स्कॅनने एका पानाची फाईल साधारण एक एमबी धरू. म्हणजे एक रजिस्टर दोनशे एमबी. शाळेची अशी पन्नास जुनी रजिस्टरे असली तरी दहा जीबी होतात. साध्या जीमेल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते. शाळेचा सगळा इतिहास एका मोफत खात्यातही मावतो, मग अधिकृत खात्यात काय अडचण? दोन शिक्षक आणि एक शिपाई, रोज एक तास बसले तर उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम होते.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. स्कॅन म्हणजे मूळ रजिस्टर नव्हे. दाखला मूळ नोंदीवरूनच दिला जातो. म्हणून स्कॅन झाले की जुने रजिस्टर रद्दीत टाकायचे नाही, उलट जास्त जपायचे. मूळ कागद नष्ट झाला, तर नोंद काय होती हे सांगणारी एक तरी गोष्ट हातात राहते, हा स्कॅनचा उपयोग आहे. त्या मुलीच्या वडिलांच्या हातात तेवढेही नव्हते.

पालकांसाठी डिजिलॉकर आहे. भारत सरकारने ही सेवा २०१५ मध्ये सुरू केली. त्यात दोन भाग आहेत आणि इथेच गोंधळ होतो. आपण फोटो काढून चढवलेला कागद हा फक्त साठवलेला फोटो असतो. पण खात्याने किंवा बोर्डाने थेट दिलेला कागद, उदाहरणार्थ दहावी-बारावीची गुणपत्रिका, ही कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिका तिथे मिळतात. घरातल्या दहावी झालेल्या मुलामुलींच्या गुणपत्रिका आजच काढून ठेवा.

मात्र नावाचे स्पेलिंग जुळले पाहिजे. शाळेत "शेख मोहम्मद", आधारवर "मोहम्मद शेख", बँकेत "एम. डी. शेख" असे असेल तर ऑनलाईन यंत्रणा तिघांना तीन वेगळी माणसे समजते. शिक्षकांना सरल आणि यूडायसमध्ये नावे भरताना हा त्रास रोजचा आहे. क्लाउड ही चूक दुरुस्त करत नाही, ती लवकर दाखवतो. पहिलीत नाव घालतानाच सगळीकडे एकसारखे लिहा. नंतर रजिस्टरातली नोंद परस्पर बदलता येत नाही, आणि दहावीनंतर तर धावपळ ठरलेलीच.

ही अमानत आहे

फायदे सांगितले, आता काळजीच्या गोष्टी. मुलांची माहिती ही शाळेकडे असलेली अमानत आहे. अमानतीत खयानत मुद्दाम केली तरच होते असे नाही, निष्काळजीपणाने जास्त होते.

पहिली चूक : शाळेचे सगळे काम एका शिक्षकाच्या खाजगी जीमेलवर ठेवणे. त्यांची बदली झाली, ते निवृत्त झाले किंवा अल्लाहने बोलावून घेतले, तर किल्ली कोणाकडे? त्यात खाजगी खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, तर गुगल ते पुसून टाकू शकते. खाते शाळेच्या नावाचे हवे आणि किमान दोन जबाबदार माणसांकडे त्याचा ताबा हवा.

दुसरी चूक : फाईल "ज्याच्याकडे लिंक आहे त्या प्रत्येकाला" उघडी ठेवणे. मुलांचे आधार, फोटो, घरचा पत्ता, उत्पन्नाचा दाखला असलेली फाईल अशा लिंकने ग्रुपवर टाकली की ती कुठवर गेली हे कोणीच सांगू शकत नाही. माणसांची नावे निवडून परवानगी द्या. मुलींचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही चढवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. पालकांनो, संमतीपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नका. कशासाठी, कोण बघणार, हे विचारणे हा तुमचा हक्क आहे, त्यात सरांचा अपमान नाही.

तिसरी चूक : क्लाउडवर आहे म्हणजे संपले, असे समजणे. एका फोनवरून चुकून डिलीट केले की सगळीकडून जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती फाईल ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. जाणकार लोक एक सोपा नियम सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. म्हणजे मूळ रजिस्टर शाळेत, एक प्रत क्लाउडवर, आणि एक हार्ड डिस्कवर, जी शाळेत नव्हे तर संस्थेच्या दुसऱ्या इमारतीत, उंचावर.

आपल्या समाजाला ही शिकवण नवी नाही. यमामाच्या लढाईत कितीतरी हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात कुरआन एकत्र लिहून घेण्यात आले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती तयार करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या. लोकांच्या छातीतही जपले, कागदावरही जपले, आणि एकाच जागी ठेवले नाही. कुठे ती महान अमानत आणि कुठे आपली शाळेची रजिस्टरे, बरोबरी अजिबात नाही. पण जपण्याची रीत आपल्याच घरात आहे, एवढेच म्हणायचे आहे.

सुरुवात कशी करावी

मोठे बजेट नको. शाळेच्या नावाचा स्वतःचा इंटरनेट पत्ता, म्हणजे डोमेन, घ्या. त्याला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. त्यावर गुगलची शाळांसाठीची मूळ सेवा पात्र संस्थांना मोफत मिळते, आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा असते. मायक्रोसॉफ्टचीही शाळांसाठी मोफत योजना आहे. अर्ज करताना शाळेच्या मान्यतेची कागदपत्रे लागतात.

मग पहिल्या महिन्यात फक्त तीन कामे करा. एक, सर्वांत जुन्या रजिस्टरापासून स्कॅन सुरू करा, आणि प्रत्येक फाईलला वर्ष व नोंद क्रमांक असे नाव द्या. फाईल नाव न देता ठेवणे म्हणजे किल्ली न ठेवता कुलूप लावणे. दोन, एकाच वर्गाचा, एकाच विषयाचा वर्ग ऑनलाईन कपाटात ठेवून पाहा. तीन, दोन चरणांची सुरक्षा सुरू करा, म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी फोनवरच्या खातरजमेशिवाय खाते उघडणार नाही. शाळेतल्या तरुण शिक्षकांनी ज्येष्ठांना शिकवावे, टिंगल करू नये. आणि संस्थाचालकांनी हे काम "कॉम्प्युटरवाल्या सरांचे" म्हणून एकट्यावर टाकू नये.

क्लाउड शिकवत नाही. शिकवतो तो शिक्षकच. मुलाच्या डोक्यावर हात तोच ठेवतो. पण शिक्षकाची मेहनत आणि मुलाची नोंद एका कपाटात, एका पेनड्राइव्हमध्ये, एका माणसाच्या आठवणीत अडकून राहू नये, एवढे क्लाउड करू शकतो. ज्यांच्याकडे वारशात जमीन-जुमला कमी आणि शाळेतली एक ओळ जास्त मोलाची, त्यांना एवढेही खूप आहे.

पुढच्या पालकसभेत मुलाचे मार्क विचारून झाले की आणखी एक प्रश्न नक्की विचारा : "सर, शाळेच्या जुन्या रजिस्टरची प्रत या इमारतीबाहेर कुठे आहे?" उत्तर नसेल तर रागावू नका. रविवारी दोन तास काढा, फोन चार्ज करून घेऊन या, आणि पान धरायला उभे राहा. बाकीचे काम आम्ही करू, इन्शाअल्लाह.